पलंग देणे आहे

६ एप्रिल, रविवार

ही डायरी ठिबक कंपनीनं दुकानदारांना फुकट वाटलेली आहे. पानापानावर केळीचं झाड. दरवर्षी ती कपाटात पडून राहते. यंदा भारतीनं ती माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, "माझ्यावर ओरडू नका. जे काय ओरडायचं ते हिच्यात ओरडा." तर ओरडतो.

भारती म्हणजे माझी बायको. तिची आई धुरपदाबाई इथेच, बुऱ्हाणपूरच्या लालबागला, भाड्याच्या घरात एकटी राहते. मी त्यांना मामी म्हणतो. सासरे काशिनाथमामा पेपर मिलमध्ये होते, रिटायर झाल्यावर दोघं इकडे बुऱ्हाणपूरला आले. मामा चार वर्षांपूर्वी गेले. आता घरमालकानं घर विकलं, महिनाअखेर खाली करा म्हणतो. भारती एकुलती एक. त्यामुळे प्रश्नच नाही, मामी आमच्याकडे येणार. आमचा अनिकेत इंदूरला नोकरीला आहे, त्याची खोली रिकामीच पडलीय. पलंग आहे, अलमारी आहे, कूलर आहे. मामींनी फक्त कपड्यांची पिशवी घेऊन यायचं.

राहिलं त्यांचं सामान. सगळं मिलच्या जमान्यातलं. सागवानी डबल बेड, लोखंडी कपाट, जेवणाचं टेबल ज्यावर आजवर कोणी जेवलेलं नाही, चार खुर्च्या, काचेची शोकेस. विकू म्हटलं तर भारती म्हणाली, "माझ्या बापाचं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचं नाही." बरं बाई. फुकट वाटू. फुकट म्हटल्यावर बुऱ्हाणपुरात लाईन लागेल.

मामींना विचारलं. त्या माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत, दाराशी खाली बसतात. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुमी म्हणसान तसं, जावाईबापू."

एवढी सोपी बाई. मी भारतीला म्हणालो, "बघ, आखाजीच्या आत सगळं उरकून टाकतो." बाकीचे लोक म्हणे अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात. आमच्या तापीकाठी आखाजीला लेक माहेरी जाते, तीन दिवस खापराच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस हाणते आणि नवऱ्याला हॉटेलचं खायला लावते. यंदा आखाजी तीस तारखेला आहे.

माझं बोलणं ऐकून भारतीनं कुकरचं झाकण असं आपटलं की शिट्टी उडून फ्रिजखाली गेली. कोणाचं काम करतोय मी? हिच्याच आईचं ना?

९ एप्रिल, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक मिळालं आणि गेलंही.

दापोरा गावचा दगाभाऊ माझ्याकडून ठिबकच्या नळ्या नेतो. केळीवाला, सज्जन माणूस. आखाजीच्या मुहूर्तावर त्याच्या पोरीचं लग्न आहे. पलंग घेतो का विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. दुपारी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन लालबागला हजर, सोबत दोन माणसं, दोर, पोती.

मामींनी त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. पलंगावरून हात फिरवला. म्हणाल्या, "घेऊन जा दादा. चांगला मजबूत हाय. आमच्या यांनी याच्यावरच डोळे मिटले."

दगानं गुळाचा खडा तोंडात धरला तो तसाच राहिला. मग म्हणाला, "सेठ, पोरीच्या संसाराले… नको. राग नका मानू." ट्रॉली रिकामी घेऊन गेला.

अरे! काशिनाथमामा इंदूरच्या दवाखान्यात गेले. मी होतो तिथे. डॉक्टरच्या सहीपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळं मीच केलं. मामींना हे आठवत नाही?  सासूला तोंडावर खोटं कसं पाडायचं? पण मनात पाल चुकचुकली. बाईची स्मरणशक्ती जाऊ लागलीय.

१० एप्रिल, गुरुवार

मामींना घरी आणून खोली दाखवली. कूलर चालू करून दाखवला. "छान हाय," म्हणाल्या. पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. आत येणाऱ्या दाराकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आमच्या बैठकीतूनच त्या खोलीत जायचं, दुसरा रस्ता नाही.

भारतीनं मावा जिलेबी आणली होती, गरम. मामींनी हात लावला नाही. म्हणाल्या, "आज एकादशी हाय." पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या.

मागाहून कॅलेंडर पाहिलं. एकादशी परवाच होऊन गेली. आता काय म्हणायचं? तीस वर्षं बघतोय, आमच्याकडे आल्या की यांचा कसला ना कसला उपास असतोच. पण आता दिवसही विसरायला लागल्या. जिलेबी मी खाल्ली.

१३ एप्रिल, रविवार

दोन दिवसांचं एकदम लिहितो, काल लिहायला बसलो असतो तर पेन मोडलं असतं.

लोखंडी कपाट एका शाळेला द्यायचं ठरवलं. काल टेंपोवाला चुडामण आला, दोन हमाल आले. मामी दारात. "जावाईबापू, आज शनिवार. शनिवारी लोखंड घराबाहेर काढत नाईत. तुमच्याच डोक्याले ताप होईन." हमालांनी कपाट खाली ठेवलं आणि एकमेकांकडे पाहिलं. एकानं तर शनीला हातच जोडले. टेंपो परत.

आज रविवार. लोखंडाला परवानगी. गेलो तर कपाट भरलेलं! मी स्वतः शुक्रवारी रिकामं केलं होतं. वरच्या कप्प्यात गोधड्या, खाली गव्हाचे डबे, मधे देवाची जुनी भांडी. मामी म्हणाल्या, "रिकामं कपाट लोकांच्या घरी कसं धाडायचं? आपली बरकत जाते." मी म्हणालो, मग भरलेलंच देऊ का? तर म्हणाल्या, "तुमी म्हणसान तसं."

चुडामण खो खो हसायला लागला. "सेठ, आज भी खाली?" म्हणाला. मी म्हणालो, तू हस, तुझं काय जातं. या बाईपुढे माझ्या दिमागाचं दही झालंय. आणि गंमत म्हणजे बाई एकदाही 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

असं एकेकाच्या पाया पडत बसलो तर पुढची आखाजी येईल. आज हुशारी केली. समाजाच्या ग्रुपवर टाकलं:

"सर्व समाजबांधवांना नमस्कार. श्रीमती धुरपदाबाई, लालबाग, यांच्या घरचा पलंग, गादी, दोन उशा, पांघरूण, छत्री, काठी, तांब्या-पेला देणे आहे. गरजूंनी त्वरित संपर्क साधावा. आपला धर्मेंद्र (जावई)."

खाली मामींचा फोटो लावला. लोकांना घर ओळखू यावं म्हणून. देवळातला फोटो आहे, चांगला आलाय, गळ्यात हार आहे.

अडीचशे लोक आहेत ग्रुपमध्ये. आता बघा.

१६ एप्रिल, बुधवार

देवा.

सकाळी मोबाइल उघडला तर हात जोडलेल्यांची रांग. 'ॐ शांती'. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. 'मावशी फार प्रेमळ होत्या'. 'तेरावा कधी ठेवला?' एका गुरुजींचा फोन, त्यांनी तर सरळ विचारलं, "शय्यादानाचा पलंग लाकडी आहे की लोखंडी? गादी नवी असेल ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, काठी, तांब्या. आमच्यात तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावानं जे दान देतात, तेच सगळं मी ओळीनं लिहिलेलं. एक चपला तेवढ्या राहिल्या होत्या. वर हार घातलेला फोटो!

भारतीला घेऊन लालबागला धावलो. तोवर मामींची चुलत बहीण रुख्मिणीमावशी तुकईथडहून पहिल्या बसनं येऊन पोचली होती. कोपऱ्यापासूनच तिचा सूर लागलेला, "अवं माह्या धुरपदे, मले न सांगता गेली व!" दार उघडलं मामींनी. हातात झाडू.

"काय झालं व रुख्मे? कोन मेलं?"

रुख्मिणीमावशी तिथेच पायरीवर बसली. तिला पाणी पाजलं, मोबाइल दाखवला. मग दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या की शेजारचे बघायला आले. मी भिंतीला टेकून उभा. माफी मागितली. मामी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "असू द्या जावाईबापू. आता मेलीच हाय त तेरा दिवस तरी माह्या घरात राहू द्या."

सगळे हसले, मीही हसलो. भारती तेवढी हसली नाही. चहाचे कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज भारतीशी सरळ बोललो. म्हणालो, मामींना डॉक्टरला दाखवू. विसरायला लागल्यात. मामा कुठे गेले ते आठवत नाही, एकादशी कधी ते आठवत नाही, रिकामं केलेलं कपाट परत भरतात.

ती भेंडी चिरत होती. विळी बाजूला सारली आणि माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या आईला सगळं आठवतं," म्हणाली. "तुम्हाला काय आठवतं? मी दर आखाजीला माहेरी जाते तर काय करते, सांगा."

"पोळ्या खातेस," मी म्हणालो.

"अजून?"

"झोका खेळतेस. गाणी म्हणता तुम्ही बायका. मला काय माहीत? मी थोडाच असतो तिथे."

"तेच," म्हणाली, आणि परत भेंडी चिरायला लागली. भेंडी इतकी बारीक चिरली की भाजीत दिसेना. ही काय उत्तरं झाली? मला दुकान आहे, सीझन तोंडावर आहे, बेचाळीस डिग्रीत मी लालबागच्या चकरा मारतोय. आणि परीक्षा माझी! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

२१ एप्रिल, सोमवार

गंगेत घोडं न्हालं!

रुख्मिणीमावशीच्या नातवाचं लग्न आहे म्हणून ती मामींना तुकईथडला घेऊन गेली. भारतीही दोन दिवस सोबत गेलीय. घराची चावी माझ्याकडे. अशी संधी परत येणार नव्हती. सकाळी सातला चुडामणला उभा केला.

कपाट शाळेत गेलं, गोधड्या गाठोड्यात बांधून ठेवल्या. टेबल-खुर्च्या गल्लीतल्या क्लासवाल्या प्रतिभा मॅडमला. शोकेस चुडामणनंच मागितली, घे म्हटलं. गॅसची शेगडी शेजारच्या नव्या भाडेकरूंना. पोळ्या भाजायचं मातीचं खापर आणि चूल तेवढी कोणी घेईना, ती अंगणात ठेवली. आणि पलंगासाठी दगाला फोन लावला. आईची शपथ घेऊन सांगितलं, "मामा इंदूरच्या दवाखान्यात गेले, दगाभाऊ. म्हातारीला आठवत नाही." तासाभरात ट्रॉली दारात. चौघांनी पलंग उचलला. सागवान आहे, हमालांची कंबर गेली. दगा जाताना माझ्या पाया पडायला लागला, मीच उठवला.

दुपारी चारपर्यंत घर साफ. एक सतरंजी, देवघर, गाठोडी, डबे. स्वतःवरच खूश होऊन मिठाईवाल्याकडून दराबा घेतला पाव किलो आणि घरी येऊन एकट्यानं खाल्ला. आता बोला.

२३ एप्रिल, बुधवार

बोललं नाही कोणी. तेच तर झालं.

दोघी दुपारच्या बसनं आल्या. मी दार उघडून दाखवलं, जरा ऐटीतच. मामी मधोमध उभ्या राहिल्या. पलंगाच्या जागी फरशीवर चार पायांचे चार पांढरे डाग आहेत, तिकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं केलं, जावाईबापू. तुमाले लई तरास झाला." झाडू घेतला, खोली झाडली, सतरंजी पसरली आणि तिच्यावर बसल्या.

मी म्हणालो, "आता चला घरी, गाडी आणलीय."

त्यांनी सतरंजीची सुरकुती सारखी केली. भारती मला हाताला धरून अंगणात घेऊन आली. तिचा चेहरा तिचा बाप गेला त्या दिवशी मी पाहिला होता तसा झालेला.

"पलंग कोणाला दिला?"

"दगाला. त्याच्या पोरीला."

"त्या पलंगावर मी वर्षातून तीन दिवस झोपते," ती म्हणाली. "आखाजीला. सकाळी नऊपर्यंत. मला कोणी उठवत नाही. माय दाराशी बसते, कोणी आलं तर बोटानं खुणावते, हळू बोला, लेक निजली हाय. तुमच्या घरात एकतीस वर्षांत मी पाचच्या पुढे झोपले नाही. तुम्ही झोपू देत नाही असं नाही म्हणत मी. पण तिथं मला झोप लागत नाही, कारण ते माझं सासर आहे. आता माय तिथे येईल. मग आखाजीला मी कुठे जायचं ते सांगा. स्वयंपाकघरातून अनिकेतच्या खोलीत?"

मी म्हणालो, "आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आईला आणू नका म्हणू? तिला एकटी सोडू? मलाच कळत नव्हतं मला काय पाहिजे." आणि रडायला लागली. "तिला कळत होतं. म्हणून ती पलंग जाऊ देत नव्हती. आणि जावयापुढे 'नाही' म्हणायचं नसतं म्हणून मेलेल्या माणसाचं नाव घेत होती."

मग बाकीचंही सांगितलं. लेकीच्या घरचं पाणी पिणं मामींच्या घरात कधी चाललं नाही. म्हणून ते उपास. म्हणून ती बाटली. एकतीस वर्षं मी त्यांना कूलर दाखवतोय.

मी एकटाच घरी आलो. भारती म्हणाली, "मी माहेरी राहते. आहे तोवर." त्या रिकाम्या घरात, सतरंजीवर, दोघी.

२५ एप्रिल, शुक्रवार

दापोऱ्याला गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो, दगाला म्हणायचं, भाऊ, दुसरा नवा पलंग घेऊन देतो, तो परत दे. पूर्ण रस्ता पाठ करत गेलो.

मांडव घातलेला. ओसरीत पलंग. पॉलिश केलेला, नवी फुलाफुलांची चादर, आणि त्याच्यावर रुखवत मांडलेलं, रव्याचे लाडू, करंज्या, लोकरीचा पोपट. पोरगी हळदीच्या हातानं आली आणि माझ्या पाया पडली. दगा सगळ्या पाहुण्यांना सांगत होता, "हे आमचे धर्मेंद्रसेठ. यांच्या घरचा पलंग हाय. असं माणूस भेटत नाई."

काय मागता तिथे? तोंड उघडलं आणि म्हणालो, "छान पॉलिश झालंय."

येताना त्यानं केळीचा एक अख्खा घड गाडीत टाकला. पलंग आणायला गेलो आणि केळी घेऊन आलो. असा मूर्ख मी अख्ख्या जिल्ह्यात एकटाच असेन.

घड घेऊन थेट लालबागला गेलो. मामी दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. खरं ते सांगितलं, की मागायला गेलो होतो आणि मागता आलं नाही. त्या एकदम ताठ झाल्या. "मागू नका! पोरीच्या संसाराले दिलेलं परत मागत्यात का? म्या खोटं बोलले त्याचंच मले लागून राह्यलंय. तिच्या मनात काई राह्यलं नाई ना?"

नाही म्हणालो. त्या पोरीला काही माहीतच नाही.

मग मी खाली बसलो, त्यांच्यासमोर, फरशीवर. आजवर असा बसलो नव्हतो. म्हणालो, "मामी, आता 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणू नका. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. तुम्हाला भारतीची शपथ."

त्यांनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले एक दार द्या, जावाईबापू. माह्या हातानं लावायचं, माह्या हातानं उघडायचं. लेक आली त म्या उघडीन. आन् पानी माह्या नळाचं."

२७ एप्रिल, रविवार

घराच्या मागे माझं गोदाम आहे. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, फिल्टर, जुने पंप. त्याला मागच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार आहे. मोरी आहे. मागे लहान अंगण आणि त्यात कडुनिंब. इतकी वर्षं त्या निंबाखाली मी फक्त गाडी लावली.

दोन दिवस गोदाम खाली करतोय. नळ्या दुकानात कोंबल्या, आता दुकानात गिऱ्हाइकाला आडवं चालावं लागतं; उरलेल्या अनिकेतच्या पलंगावर छतापर्यंत रचल्या, तो तसाही एकट्यापुरताच. ऐन सीझन. डोकं भणभणतंय, पाठ गेली. नळ मीच ओढला. अर्ध्या जिल्ह्याला पाणी पोचवतो, सासूला नाही पोचवू शकत?

मग सामान. खुर्च्या नाहीत, शेगडी नाही, पलंग नाही. सगळं मीच वाटलंय, माझ्या या हातांनी. ग्रुपवर लिहिलं, 'पलंग पाहिजे.' तर लगेच एकाचा 'ॐ शांती' आला. म्हटलं जाऊ दे.

चुडामणला बोलावलं. "अब क्या बाँटना है सेठ?" म्हणाला. मी त्याला आमच्या झोपायच्या खोलीत नेलं आणि माझा पलंग दाखवला. तो म्हणाला, "आप कहाँ सोओगे?" मी म्हणालो, तुला काय करायचंय, पाय धर तिकडचे.

दारातून निघेना. तीनदा तिरका केला. एका पायाचा टवका उडाला, माझ्या बोटाचं सालपट निघालं, तोंडातून नको ते शब्द निघाले. पण गेला. समोरच्या दारानं बाहेर, अख्ख्या गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत. घरातून आतलं दार आहे गोदामाला, पण त्याला मी फळी ठोकलीय. माझ्या बाजूनं नाही, त्यांच्या बाजूनं.

२९ एप्रिल, मंगळवार

परवा अमावस्या, अमावस्येला घर बदलत नाहीत. काल सोमवार, सोमवारी काय आडवं आलं ते विचारलंच नाही. आज आल्या. देवघर, गाठोडी, खापर, चूल. कुलूप त्यांच्याच घरचं, जुनं, पितळी. स्वतः लावून पाहिलं, काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. मग नळ सोडला, ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड हाय."

पलंग बघून दोघी मायलेकी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, "डगमगतो जरा. एका पायाखाली पुठ्ठा लावा." आणि दुकानात निघून गेलो.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी भारतीनं बॅग भरली. खरोखर बॅग. तीन साड्या, कंगवा, टॉवेल. नवी साडी नेसून माझ्यासमोर उभी राहिली. "मी माहेरी जाते."

"सोडायला येतो," मी म्हणालो.

समोरच्या दारानं निघालो. बॅग माझ्या हातात. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "वहिनी गावाला?" ती म्हणाली, "हो, माहेरी," आणि तोंड पदरात लपवून हसली. गल्लीला वळसा घालून मागच्या दाराशी आलो. दार बंद होतं. तिनं कडी वाजवली.

मामींनी दार उघडलं. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "आली माय? ऊन लागलं का रस्त्यात?"

 भारती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उंबऱ्यातच उभी राहिली. मी रस्त्यावर बॅग धरून. मी निंबाकडे पाहिलं. निंबाला झोका बांधलेला होता. दोर माझ्या दुकानातला आहे, मला न विचारता नेलेला.

जेवायला बसवलं मला, पाटावर, जावई म्हणून. खापराची पोळी, रस, कुरडई. मामी आग्रह करून वाढत होत्या. मी हात धुतला तशा म्हणाल्या, "जावाईबापू, आता घरी जा तुमी. रस्ता लांबचा हाय."

दोघी इतक्या हसल्या की मला रागच आला. घरी येऊन गादीवर जमिनीवर पडलो तर पाठीत चमक भरली.

१ मे, गुरुवार

सकाळी चहा करायला गेलो. साखर सापडली, दूध सापडलं, चहाची पत्ती काही सापडेना. सगळे डबे उघडले. या घरात पत्ती कुठे असते हे मला माहीत नाही! फोन लावला तर बंद. पाठ अवघडलेली, डोकं धरलेलं, दुकानात माल उतरायचा, आणि चहा नाही. चिडून चप्पल घातली आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दारी गेलो. चांगलं ऊन वर आलेलं. जोरात कडी वाजवली.

दार बोटभर उघडलं. मामी उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. लेक निजली हाय."

मी म्हणालो, "मामी, फक्त पत्ती कुठे—"

"उठली की इचारीन," त्या म्हणाल्या. आणि माझ्याच घराचं दार माझ्या तोंडावर हळूच लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईनं मला 'नाही' म्हटलं.  मग कोपऱ्यावर जाऊन टपरीवरचा चहा प्यायलो, दोन कप.